सगळ्यांचं उत्तर पंचवीस

मला रसायनशास्त्र येत नाही, हे मी मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. मी शिवण आणि स्वयंपाक शिकवणारी बाई. पण आमचा रसायनाचा मास्तर वर्षाच्या मध्यातच न्यूझीलंडला फळबागेत कामाला निघून गेला आणि मुख्याध्यापक म्हणाले, "तेलेसिया, तू केक करतेस ना? मग हेही मोजमापच." एवढं बोलून त्यांनी पुस्तक माझ्या हातात कोंबलं. पुस्तकाची शेवटची पानं, म्हणजे उत्तरांचीच पानं, कधीच गळून गेली होती.

पण मी हार मानणारी नाही. रोज संध्याकाळी एक धडा पुढे वाचायचा आणि सकाळी तो वर्गात शिकवायचा, असा माझा धडाका सुरू झाला. आम्ल आणि अल्क एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो, याला उदासिनीकरण म्हणतात. किती आम्लाला किती अल्क, म्हणजे आमच्याकडे कॉस्टिक सोडा, लागेल, ही गणितं परीक्षेला हमखास येतात. पोरं तिथेच अडायची. मीठ-आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिकमध्ये, एकच हायड्रोजन, त्याचं गणित सरळ. सल्फ्युरिक आम्लात मात्र दोन. ते दोन बघितले की पोरांचे चेहरे पडायचे.

मग मला युक्ती सुचली, आणि काय सांगू, मी माझ्यावरच खूश झाले. आमच्या बेटावर नारळ आणि कोनफळं सुटी कुणी मोजत नाही. दोन हातांत दोन उचलायची आणि म्हणायचं 'एक'. अशा दहा जोड्या झाल्या की कोडी पुरी. शेंबडं पोरसुद्धा असंच मोजतं. मी फळ्यावर शेंडीला शेंडी बांधलेले दोन नारळ काढले आणि म्हटलं, "हे सल्फ्युरिक. जोडी. जोडीला आपण काय म्हणतो?" सगळा वर्ग ओरडला, "एक!" मी म्हटलं, "मग एकाला एक. संपलं गणित." नऊ पोरांची डोकी भराभर वहीवर वाकली, आणि मला वाटलं, मास्तर गेला ते बरंच झालं.

नऊच. वर्गात पोरं दहा होती. दहावी टियाना.

टियाना ऑकलंडला जन्मलेली, वाढलेली. तिथल्या शाळेत तिने कुणाचं तरी नाक फोडलं म्हणून आईने तिला इकडे पाठवून दिलं, आत्याच्या धाकात राहायला. परीक्षा पास हो, मगच परतीचं तिकीट, असा आईचा निरोप होता. पोरगी आमची भाषा अडखळत बोलायची, केस कापलेले, आणि बसायचं तर पाय पसरून. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पण हायड्रोजन दोन आहेत. दोघांनाही सोडा लागेल. म्हणजे सोडा दुप्पट."

"इथे जोडी म्हणजे एक," मी म्हटलं. "ऑकलंडला नारळ सुटे विकत असतील."

वर्ग खो खो हसला. टियाना खाली बसली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी जेवण जरा जास्तच गेलं.

परीक्षेचा पहिला पेपर गुरुवारी झाला, दुसरा सोमवारी सकाळी नऊला होता. दोन्हींत उदासिनीकरणाचं वीस गुणांचं मोठं गणित येणार, हे ठरलेलं. गुरुवारी पेपर सुटला आणि माझी पोरं आंब्याच्या झाडाखाली गोळा झाली. प्रश्न होता: पंचवीस मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल आहे, सोड्याचं द्रावण तेवढ्याच तीव्रतेचं आहे, तर उदासिनीकरणाला सोडा किती लागेल?

"पंचवीस!" पाउलिआसी म्हणाला. हा आमच्या चर्चच्या पाळकांचा मुलगा.

"माझंही पंचवीस." "माझंही." एकेक करत नऊ जणांचं पंचवीस निघालं. माझ्या भावाची मुलगी लेसिएली तर माझ्या गळ्यातच पडली. तिला सुवाच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकायला जायचं होतं आणि त्यासाठी रसायनात वरचे गुण हवेत, हे घरादाराला पाठ होतं. "आत्या, तुमच्या नारळांनी तारलं," ती म्हणाली.

टियाना बाजूला उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. पाउलिआसीने विचारलं, "काय गं ऑकलंड, तुझं किती आलं?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पन्नास."

मग काय, हशा. "अख्ख्या बेटाचा सोडा हिलाच लागतोय," कुणीतरी म्हणालं. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले, आणि ते तिने पाहिलं. ती दप्तर उचलून निघून गेली. शुक्रवारी कळलं की सोमवारच्या पेपरला बसणार नाही म्हणून तिने आत्याला सांगितलंय. मी म्हटलं, असेना, एकेकाचं नशीब.

शनिवारी दुपारी भावजयीकडे गेले. रविवारी दहाच्या उपासनेनंतर चर्चच्या सभागृहात पालकांनी जेवण ठेवलं होतं, बाईंचे, म्हणजे माझे, आभार मानायला. लुसेआने, म्हणजे माझी भावजय, लेसिएलीची आई, कोनफळं मोजत होती. दोन उचलायची, ढिगावर टाकायची. "एक. दोन. तीन." दहा म्हणून ती थांबली आणि धाकट्या पोरीला म्हणाली, "जा, दहा टोपल्यांत एकेक ठेव."

पोरगी गेली. प्रत्येक टोपलीत एक कोनफळ ठेवून परत आली. "आई, दहा उरली."

"उरणारच. जोड्या होत्या त्या. एकेक आणखी टाक."

मी नारळ खवत होते. हात तिथेच थांबला. दहा मोजली, दहा टोपल्या, आणि तरी दहा उरली. जोडीला एक म्हणा की अर्धा म्हणा, टोपलीत जाताना ती दोन सुटी कोनफळंच. सल्फ्युरिकच्या दोन हायड्रोजनांपैकी एकाला सोडा मिळाला, दुसऱ्याचं काय? तो तसाच राहिला. पंचवीसवर अर्धं आम्ल जिवंत होतं.

"अगं, बोट खवशील," लुसेआने म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि उठले.

शाळेची किल्ली माझ्याकडे असते. मास्तराने जाण्याआधी पातळ सल्फ्युरिकची एक बाटली करून ठेवली होती, वर चिठ्ठी, शेजारी तेवढ्याच तीव्रतेचा सोडा. वर्गात प्रयोग केले ते सगळे मीठ-आम्लाचे. ही बाटली मी भीतीने कधी उघडलीच नव्हती. कापड जळतं म्हणून ऐकलेलं. आता उघडली. पंचवीस मिलिलिटर आम्ल मोजून घेतलं, त्यात रंग दाखवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब टाकले आणि वरच्या उभ्या नळीतून सोडा सोडायला लागले. आम्ल संपलं की पाणी गुलाबी होतं, तेवढं मला माहीत होतं.

पंचवीस झालं. पाणी बिनरंगी ते बिनरंगीच. मी म्हटलं, देवा, हो बाबा गुलाबी. सव्वीस. तीस. चाळीसपर्यंत मी देवाशी भांडत होते. पन्नासला एक थेंब कमी असताना ते गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. मी स्टुलावर बसले आणि रडले. किती वेळ, आठवत नाही.

नऊ पोरं. गुरुवारचे वीस गुण गेले ते गेलेच. पण सोमवारी पुन्हा तेच गणित, आणि पुन्हा नऊ पोरं आनंदाने एकाला एक लिहिणार. लेसिएलीचं सुवा दोन्ही पेपरांत बुडणार, ते माझ्या नारळांनी.

मी तशीच उठून चर्चकडे गेले. पोरं गाण्याच्या सरावाला जमली होती. आत जायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच तर काम. दाराशी उभी राहिले. आत लेसिएली गात होती, तिची आई कौतुकाने बघत होती, पाळक टाळ्यांनी ताल देत होते. माझं पाऊल उचलेना. बेचाळीस वर्षांची मी, आणि दारातून परत फिरले. म्हटलं, उद्या सांगू.

घरी पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. उद्या रविवार.

रविवारी आमच्याकडे कुणी काही करत नाही. दुकान नाही, होडी नाही, शेत नाही, पोहणंसुद्धा नाही. वही उघडणं दूरच. पोरांना शिकवायला बसवलं असं कळलं तर आठवडाभर माझंच नाव सगळ्यांच्या तोंडी. आणि मी काही देवाला न मानणारी बाई नाही. पण त्या रविवारी पहाटेच्या घंटेपासून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पहाटेची उपासना झाली. घरी येऊन खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर अन्न पुरलं. चर्चला जाताना आम्ही कमरेला चटई बांधतो, ती बांधली, सोडली, परत बांधली. दहाच्या उपासनेत पाळक काय बोलले म्हणाल तर एक शब्द आठवत नाही. मी मनात तास मोजत होते. अकरा वाजले, म्हणजे बावीस तास उरले. मागे वळून पोरांकडे बघायची, पोरं हसायची. टियाना दिसली नाही. तिची आत्या तोकिलुपे एकटीच पुढच्या बाकावर ताठ बसली होती.

मग जेवण. डुकराची पिल्लं, अळूच्या पानांत बांधलेलं मटण, कोनफळांच्या राशी. लेसिएलीचा बाप, म्हणजे माझा भाऊ, बोलायला उभा राहिला. "हे आमचं भिकार जेवण," तो म्हणाला, "बाईंच्या पायाशी ठेवायच्या लायकीचं नाही. आम्ही अडाणी माणसं." हे असंच बोलायचं असतं. जेवढं ताट भरलेलं, तेवढं त्याला भिकार म्हणायचं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझी पाळी.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी या जेवणाच्या लायक नाही. मी पोरांना चुकीचं शिकवलं."

"मालो, मालो," म्हातारे पुटपुटले. म्हणजे शाब्बास, छान बोललीस.

"खरंच चुकीचं शिकवलं. मला रसायनशास्त्र येत नाही. माझ्यामुळे पोरांचं नुकसान झालंय."

बायकांनी डोळ्यांना पदर लावावा तसे हातातले विणलेले पंखे लावले. लुसेआने हुंदके देत होती. माझा भाऊ मान हलवत होता, केवढी ही नम्रता म्हणून. पाळक म्हणाले, "ज्ञानी माणूसच असा वाकतो." अरे देवा. मी जितकं खरं बोलत होते, तितकी ही माणसं विरघळत होती. मला संताप आला. त्यांचा नाही, माझाच. काल दारातून परत फिरले त्याचा.

"रडू नका," मी जवळजवळ ओरडलेच. "ऐका. गुरुवारच्या गणिताचं उत्तर पंचवीस नाही. पन्नास आहे. मी काल शाळेत जाऊन करून बघितलं. नऊही पोरांचं चुकलं. टियानाचं बरोबर होतं."

आता मात्र कुणी मालो म्हणालं नाही. स्वतःला कितीही कमी लेखा, चालतं; पण पाळकांचा मुलगा चुकला आणि नाक फोडणारी पोरगी बरोबर, असं नम्रतेने कुणी म्हणत नाही. तोकिलुपेच्या हातातला घास हातातच राहिला. पाउलिआसीचा चेहरा उतरला. लेसिएली उठून उभी राहिली.

"सगळ्यांचं सारखं आलं होतं," ती म्हणाली.

"सारखंच येणार. सगळ्यांना मीच शिकवलं ना."

"मग माझं सुवाचं?" तिने मला आत्या म्हटलं नाही. "बाई, माझं सुवाचं काय?"

"उद्याचा पेपर हातात आहे. आत्ता बसलो तर तोंडपाठ होईल."

पाळक हळूच म्हणाले, "तेलेसिया, आज देवाचा दिवस आहे. उद्या सकाळी बघू."

"उद्या सकाळी नऊला पेपर आहे, पाळकसाहेब. बैल गेला आणि झोपा केला, असं होईल. पाप लागलं तर माझ्या नावावर लिहा." असं मी पाळकांना म्हटलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात. पण म्हटलं, आणि भरल्या ताटावरून टियानाच्या घराकडे निघाले.

वाटेत मागे वळून बघितलं नाही. कुणी आलं नसतं तर तिथेच मेल्यागत झालं असतं. थोड्या वेळाने पावलं ऐकू आली. लेसिएली होती, अंतर ठेवून चालणारी, तोंड फुगवलेली. तिच्या मागे बाकीची. सगळ्यांत शेवटी पाउलिआसी, आणि त्याच्याही मागे तोकिलुपे, धापा टाकत. "माझ्या घरी जाताय तर मला विचाराल की नाही," ती ओरडत होती.

टियाना पायरीवर बसली होती. आत्याने तिला वाचायला दिलेलं बायबल मांडीवर होतं, मिटलेलं. आम्हाला सगळ्यांना बघून ती उठलीच नाही. मी गेले आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले, ती वर पायरीवर असताना. मागे पोरांनी श्वास रोखला. आमच्याकडे बाई पोरीच्या पायाशी बसत नाही.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. "मी वर्गात तुझी टिंगल केली. गुरुवारीही हसले. मला माफ कर. आणि आता यांना शिकव. मी शिकवलं तर पुन्हा नारळच काढेन."

तिने माझ्या डोक्यावरून मागे उभ्या पोरांकडे बघितलं. मग पाउलिआसीला म्हणाली, "तुला अख्ख्या बेटाचा सोडा हवाय का?"

"हवाय," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग बस."

तोकिलुपेने आधी रस्त्यावर नजर टाकली, मग सगळ्यांना आत ढकललं आणि पडदे ओढले. "देवाला दिसतंय ते दिसू दे," ती म्हणाली, "शेजाऱ्यांना दिसायला नको." कागद नव्हता म्हणून तिने कॅलेंडरची जुनी पानं फाडून दिली.

टियाना चांगली शिकवते. घाई नाही, आरडाओरडा नाही. आधी हायड्रोजन मोजा, एकेक करून. मग सोडा मोजा, एकेक करून. दोन्हीकडे सारखे झाले की थांबा. लेसिएलीने तीनदा चुकीचं केलं, तीनदा रडकुंडीला आली, चौथ्यांदा बरोबर आलं. मीही गणितं सोडवली. माझं एक चुकलं तर टियानाने त्यावर काट मारली आणि म्हणाली, "बाई, परत." संध्याकाळच्या उपासनेची घंटा झाली तेव्हा नऊच्या नऊ पोरांना येत होतं. काल दुपारपासून छातीवर बसलेलं ओझं जरा हललं. पोरं चर्चकडे पळाली. जाताना लेसिएली दाराशी थांबली, "आत्या, येताय ना?" म्हणाली आणि गेली.

मी कागद गोळा करत होते. टियाना पेन्सिली उचलत होती.

"उद्या तू पेपरला बसायचं," मी म्हटलं. "हट्ट पुरे. तुझे गुरुवारचे वीस गुण तर खिशातच आहेत. तिकीट पक्कं समज."

"नाहीत," ती म्हणाली.

"काय नाहीत?"

"वीस गुण. मी पेपरात पंचवीसच लिहिलंय, बाई."

मला आधी कळलंच नाही. "पण तू तर बाहेर पन्नास म्हणालीस."

"पन्नासच आलं होतं. मग खोडलं." ती पेन्सिली एका मापात लावत होती, माझ्याकडे न बघता. "सहा महिने इथे आहे. मी काहीही बोलले की सगळे हसतात. म्हटलं, एकदा इथल्यासारखं मोजून बघू. सगळ्यांसारखं आलं तर झाडाखाली उभं राहता येईल."

"मग बाहेर खरं का सांगितलंस?"

"पाउलिआसीने विचारलं तेव्हा तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही बाई आहात, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही म्हणाल, हो, पन्नास. मग मी सांगणार होते की मी ते खोडलं. पण तुम्ही हसलात."

बाहेर दुसरी घंटा झाली. मी हातातले कागद परत टेबलावर ठेवले आणि तिच्याशेजारी बसले.